कोकणातलं बंद घर उघडायचंय? मग जूनमध्ये नको, दसऱ्यानंतर या

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातलं जोडपं, दोघंही चाळिशीच्या अलीकडची. देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात नवऱ्याच्या आजोबांचं चिरेबंदी, कौलारू घर आहे, बरीच वर्षं कुलपात. घर सड्याच्या (उघड्या खडकाळ पठाराच्या) उतारावर, समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत, खालून व्हाळ (ओढा) वाहतो. परदेशात डोंगरात वर्षभर उघड्यावर राहून जुनं घर नीट करणाऱ्या एका जोडप्याबद्दल या दोघांनी वाचलं आणि ते डोक्यात बसलं. आता वर्षाची बिनपगारी रजा काढायची, भाड्याचा फ्लॅट मेअखेर सोडायचा, १ जूनला गावी पोचायचं, मागच्या आंब्याखाली तंबू ठोकायचा आणि कामाला लागायचं. तंबू कुठला घ्यावा, सुरुवात कुठून करावी, काय स्वतः करावं आणि कशाला हात लावू नये, असं त्यांनी विचारलंय.

मी याच भागात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते, त्यामुळे स्पष्टच लिहिते. बेत चांगला आहे, तारीख चुकीची आहे.

मृग लागतो ७-८ जूनच्या सुमाराला. तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या वर्षभराच्या पावसाच्या चौपट. या चार महिन्यांत कौलं काढता येत नाहीत, चुना सुकत नाही, लाकूड फुगलेलं असतं, चिरेखाणी बंद असतात आणि सुतार-गवंडी आपापल्या लावणीत असतात. तुम्ही १ जूनला याल आणि सगळ्यात उत्साहाचे चार महिने गळक्या घरात बादल्या हलवत काढाल. ऑक्टोबर उजाडेपर्यंत दोघांपैकी एकाचं मन उडालेलं असतं. अशी घरं पुन्हा कुलपात गेलेली मी पाहिली आहेत.

छपराच्या कामाची खरी मुदत तर त्याहून लहान आहे. आपल्या किनाऱ्यावर वादळं येतात ती पावसाळ्याच्या दोन्ही कडांना. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. ओखीचा पाऊस डिसेंबर २०१७ मधला. तौक्ते १६ मे २०२१ ला देवगड-मालवणला झोडपून वर गेलं. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात आदळलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत कौलं, पत्रे, पोफळी सगळं उडवून गेलं. तेव्हा छप्पर उघडायचं ते डिसेंबरच्या मध्यानंतर आणि बंद करायचं एप्रिल संपायच्या आत. चार-साडेचार महिने मिळतात, त्यात मध्ये शिमगा. पालखी फिरत असताना एकही माणूस कामावर येणार नाही, आणि यायला सांगूही नये. शिवाय मार्चपासून देवगडात हापूसचा हंगाम. काढणी, पेट्या भरणं, टेम्पो, यात गावातले सगळे हात गुंततात. सुतार हवा असेल तर त्याचा दिवाळीतच शब्द घेऊन ठेवा आणि जानेवारी-फेब्रुवारी त्याच्या नावाने राखून ठेवा.

म्हणून दसऱ्यानंतर या. तोपर्यंत पुण्यात बसून कागद करा. जमिनीचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८, दोन्ही उतारे काढा. आजोबांच्या नावाखाली चुलते, आत्या, मुंबईतले चुलतभाऊ अशी रांग असणारच. सामाईक घरात एकाने पैसे घातले म्हणून बाकीच्यांचा हिस्सा कमी होत नाही. आज फोनवर ‘करा रे, छान होईल’ म्हणणारे काका घर उभं राहिल्यावर काय म्हणतील याची खात्री कुणीच देऊ नये. सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि कोण किती खर्च करणार, राहणार कोण, हेही त्यातच लिहा. घर समुद्रापासून आत असलं तरी खाडीचं भरतीचं पाणी जवळ येत असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात एकदा पाहून घ्या. आहे त्या अधिकृत घराच्या जुन्या जोत्यावरच्या दुरुस्तीला सहसा अडचण येत नाही, पडवी पुढे वाढवायला गेलात की येते. आणि आवारातला फणस किंवा किंजळ ‘आपलाच तर आहे’ म्हणून तोडू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली साग, फणस, ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ अशा झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते. शिवाय आज तोडलेलं लाकूड यंदाच्या छपराला उपयोगाचं नाही, ते ओलंच असतं. मोडलेल्या घरांचे जुने वासे विकत मिळतात. ते वाळलेले, पिळून झालेले असतात, आता आणखी वाकत नाहीत. तेच घ्या.

आता राहण्याचं. तंबू घेऊ नका. हिवाळ्यात कोकणात दव इतकं पडतं की पहाटे तंबूचं कापड आतून-बाहेरून ओलं होतं, आणि फेब्रुवारीनंतर सकाळी नऊला आत बसवत नाही. आपल्याकडे उघड्यावर राहायची रीत आहेच, ती घरापुढच्या अंगणात, म्हणजे खळ्यात. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला खळ्यात मांडव घालायचा. पोफळीचे किंवा बांबूचे खांब, वर आडव्या काठ्या, त्यावर माडाचे विणलेले झाप. खाली जमीन खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची. हा मांडव मेपर्यंत तुमचं दिवाणखाना, स्वयंपाकघर, सुताराचा कारखाना आणि झोपायची खोली, सगळं होतो. गावातली माणसं सहा महिने अशीच काढतात. आमसुलं, साटं, कुळीथ, सगळं तिथेच वाळतं. झाप विणून देणारी माणसं अजून आहेत, बायका जास्त. त्यांच्याकडून शिकून घ्या, दोन दिवसांत हात बसतो.

झोपायचं मात्र खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. हे डासांपेक्षा मण्यारीसाठी सांगते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं कळतही नाही, खूण जवळजवळ दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड व्हायला लागतात. आपल्या सड्यांवर फुरसं भरपूर आहे, चिऱ्याच्या ढिगात आणि पडलेल्या कौलांखाली हमखास. घोणस आणि नागही आहेत. ढिगात हात घालायच्या आधी काठीने हलवा, चपला झटकून घाला, अंधार पडल्यावर विजेरीशिवाय पाऊल टाकू नका. चावलंच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, पण ते वेळेत मिळायला हवं. सर्पप्रतिविष तुमच्या सगळ्यात जवळ नक्की कुठे ठेवलेलं असतं, हे आल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून या. लाल विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तोवर त्याच्या दंशाने कोकणात पुष्कळ माणसं जात. आता क्वचितच जातात, पण तेही वेळेत दवाखान्यात पोचलात तरच.

मांडवाच्याही आधी संडास. जुना मोडका असेल तर तिथेच नवा बांधा, पण विहीर कुठे आहे ते बघून. जांभा, म्हणजे आपला लाल चिऱ्याचा दगड, सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्या असतात, घाण पाणी त्यातून लांबवर आणि झपाट्याने जातं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराला विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. विहीर उपसून घ्या, पण स्वतः आत उतरू नका. वर्षानुवर्षं बंद विहिरीच्या तळाशी हवा खराब असू शकते, उतरलेला माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो. हे काम करणारी माणसं असतात, त्यांना पैसे द्या. आणि पाण्याची पातळी जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी दोरीला गाठ मारून मोजत राहा. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात आपल्या विहिरी तळ दाखवतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. चुन्याचं काम, पाणी मारणं, गड्यांचा चहा-अंघोळ, सगळं त्याच विहिरीवर चालणार आहे.

वीज अर्जापासून मीटरपर्यंत वेळ खाते, म्हणून तो अर्ज पहिल्याच दिवशी. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग एक फूटसुद्धा वाचवू नका, सगळी काढा. अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर घ्या. उन्हाळ्यात जांभा खडखडीत वाळतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरतंच उरतं.

आता घर. बंद घर बिघडतं ते पावसाने, आणि त्याहून जास्त चूल विझल्याने. चुलीचा धूर रोज वाशांत भिनत होता तोवर त्यांना किडा लागत नव्हता. धूर थांबला की भुंगा आणि वाळवी येतात, आणि फुटलेलं कौल बदलायला कुणी नसतं. तपासणी मात्र घराच्या आतून सुरू करू नका. पहिले दोन-तीन दिवस नुसते घराभोवती फिरा. वरच्या अंगाने सड्याचं पाणी घराकडे कुठून येतं, जोत्याशी कुठे साचतं, पागोळ्या जोत्याबाहेर पडतात की भिंतीच्या पायावर. आमच्याकडचे एक म्हातारे मेस्त्री कुठल्याही घरी गेले की छपराकडे बघायच्या आधी एवढंच विचारतात, “पाणी खय जाता ता आदी बघा.” (पाणी कुठे जातं ते आधी बघा.) भिंत ओली दिसली की लोक आतून वॉटरप्रूफिंग मारतात. नव्वद टक्के वेळा तो ओलावा मागच्या चरात साठलेल्या पानांमुळे असतो. तो चर उपसणं हे तुमचं पहिलं काम, आणि ते तुम्ही दोघंच करू शकता.

मग भरदुपारी माळ्यावर चढा, खालची दारं-खिडक्या लावून घ्या, डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर बघा. उजेडाचा प्रत्येक ठिपका म्हणजे सरकलेलं किंवा फुटलेलं कौल. खडूने जवळच्या वाशावर खूण करा. वासे तपासायला मोठा स्क्रूड्रायव्हर पुरतो. वाशाच्या मध्यावर टोचून काही कळत नाही, तिथे लाकूड बहुतेक ठणठणीत असतं. टोचायचं ते दोन जागी. पागोळीकडचं टोक, आणि भिंतीवर जिथे वासा पाटाईवर (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर) टेकतो आणि मातीत झाकलेला असतो तिथे. स्क्रूड्रायव्हर रेषेला आडवा धरून दाबा. चांगलं लाकूड दाद देत नाही, टोक घसरतं. कुसलेलं लाकूड बोटभर आत घेतं आणि बाहेर काढताना भुसा येतो. आतून पोकळ पण वरून शाबूत असा वासा हातोडीच्या दांड्याने ठोकला तर भद्द वाजतो. सगळ्यांवर रंगाने तीन खुणा करा: ठेवायचा, टोक बदलायचा, काढायचा. टोक बदलायचे वासे सगळ्यात जास्त निघतात, आणि इथेच मुंबईचा कंत्राटदार आणि गावचा सुतार यांच्यातला फरक दिसतो. पहिला म्हणेल सगळं काढा, लोखंडी ट्रस बसवू. दुसरा कुसलेलं दोन फूट कापेल, तिरका सांधा घेऊन जुन्याच जातीचं लाकूड जोडेल. त्याचं ऐका. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते बघायचं असेल तर किनाऱ्यावरच्या जुन्या स्लॅबच्या घरांच्या सज्जांखाली उभे राहा. काँक्रीट सोडून सळया बाहेर आलेल्या दिसतील.

खांब फणसाचे असतील तर तळखड्याशी (खांबाखालच्या दगडाशी) वाळवीची मातीची नळी आहे का बघा. असेल तर खांब टेकू देऊन उचलून खालचा भाग बदलतात. हे काम तुम्ही करायचं नाही, बघायलासुद्धा खांबाखाली उभं राहायचं नाही.

कौलं. तुमच्या घरावर मंगलोरी असतील असं फोटोवरून वाटतं. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे अनेक कारखाने झाले आणि त्यांची कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी इथे कुंभारांची नळीची कौलं होती. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. तो वाचा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बरोबर बसत नाहीत. बसल्यासारख्या दिसतात आणि झडीच्या पावसात गळतात. कौलं उतरवताना छापाप्रमाणे वेगळे ढीग करा आणि छपराच्या एका उतारावर, म्हणजे पाख्यावर, एकाच छापाची चढवा. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. एका कौलाचं वजन अडीच-तीन किलो, तेव्हा दिवसाकाठी किती उचलणार ते आपल्या कमरेला विचारून ठरवा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, फुटकं वाजलं तर बाजूला. शेवाळ ब्रशने आणि पाण्याने काढा, अॅसिड नको. कमी पडणारी कौलं आसपासच्या मोडलेल्या घरांतून गोळा करावी लागतील, त्याचा शोध दिवाळीतच लावा.

एका वेळी एकच पाखं उघडायचं. सगळं छप्पर एकदम उतरवलं की भिंतींवरचा भार जातो, मातीच्या दरजांच्या (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या) जुन्या भिंती सैल पडतात, आणि एक अवकाळी सर आली तर घरभर चिखल. उघड्या पाख्यावर झाकायला ताडपत्री हाताशी हवीच, रोज संध्याकाळी बांधायची, आकाश कितीही निरभ्र असो. नवीन रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या, मारून झाल्या की वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावून घ्या. वाळवीला ते आवडत नाही. हातमोजे घालून लावा, कातडीवर पडलं तर फोड येतात. निसर्ग आणि तौक्तेनंतर मी पागोळीच्या दोन ओळी, कडांच्या ओळी आणि आढ्यालगतची ओळ तांब्याच्या तारेने रिपेला बांधून घेते. कौलाच्या पोटाला त्यासाठी भोकाचा कान असतो, आपल्याकडे तो कुणी वापरत नाही एवढंच.

माकडांचं मला सगळेच विचारतात. हो, वानर आणि माकडं कौलं फोडतात. गावात निम्मी घरं पत्र्यावर गेली ती याच कारणाने, गरिबीने नव्हे. कौलांखाली पत्रा घालून वर कौलं ठेवायची पद्धत आता सर्रास आहे. फुटलं कौल तरी घर गळत नाही, आणि दुपारी पत्र्याचा ताप जाणवत नाही. मला स्वतःला ती फारशी आवडत नाही, खालून वासे-रिपांचं ते देखणं जाळं झाकलं जातं. पण तुम्ही वर्षानंतर पुण्याला जाणार असाल आणि घर पुन्हा बंद राहणार असेल तर पत्रा घालाच. राहणार असाल तर नको. शंभरेक कौलं जादा ठेवा आणि दर मे महिन्यात घर शाकारून घ्या.

भिंती. जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट, हे सध्याचं सगळ्यात महागडं नुकसान आहे. जांभा पावसाळ्यात ओल घेतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने वाट बंद केली की ओल आत अडकते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटतो, कधी चिऱ्याचा थर घेऊनच. जुन्या भिंतीला चुनाच. आता शिंपल्यांचा चुना सहज मिळत नाही, पिशवीतला चालतो. पाण्यात भिजवून जितके आठवडे ठेवाल तितका चांगला, वर पाणी राहिलं पाहिजे. नदीची धुतलेली वाळू. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून कुणी आणून टाकली तर परत न्यायला सांगा, त्यातलं मीठ आयुष्यभर भिंतीवर फुलत राहतं. दरजा भरायचं काम तुम्ही नक्की शिकू शकता. जुनी भुसभुशीत माती अंगठाभर खोल खरवडायची, ब्रशने धूळ काढायची, पाणी शिंपडायचं, मग चुना दाबून भरायचा आणि आठवडाभर ओली गोणपाटं टांगायची. चष्मा लावा, चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर थट्टा नाही. भिंतीला कुठे पोट आलं असेल तर तिथे दरजा भरून उपयोग नाही. तेवढा भाग उतरवून, चिऱ्यांना खडूने नंबर घालून, गवंड्याने पुन्हा रचायचा.

एक गोष्ट तुमच्या दोघांतली. मेस्त्री फक्त नवऱ्याशी बोलेल. बायकोने मोजमाप घेतलेलं असलं, पैसे तिच्या खात्यातून जात असले, तरी तो ‘साहेबांना विचारतो’ म्हणेल. मलाही अजून म्हणतात. पहिल्याच दिवशी ठरवा: छपराचं कोण सांगणार, आतलं कोण सांगणार. आणि दुसऱ्याने त्यात गड्यांसमोर बोलायचं नाही. दोघांनी दोन सूचना दिल्या की गडी तिसरंच करतात आणि चूक कुणाचीच नसते.

मेच्या मध्याला मांडव उतरवा. झाप जाळू नका, पडवीच्या पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अंगाला आडोसा म्हणून उभे बांधा, पावसाची झड तिकडूनच येते. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरा: सरपण, तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी खात असाल तर ती, गॅसचं जादा सिलिंडर. पाणंदीने गाडी येणं कधी बंद होईल सांगता येत नाही. आणि आता आत राहायला जा, अर्धवट घरात. भिंतींना आतून गिलावा नाही, रंग नाही, फरशी नाही, ओटा तात्पुरता. हे मी मुद्दाम सांगते. पहिला पावसाळा घराच्या परीक्षेसाठी ठेवा. कुठे गळतं ते खडूने खूण करून तारीख घाला. कुठल्या खोलीत बुरशी येते, कुठल्या खिडकीतून झड आत येते, कपडे कुठे वाळतात, स्वयंपाक करताना उजेड कुठे पुरतो, हे सप्टेंबरपर्यंत आपोआप कळतं. जे लोक एप्रिलमध्येच मॉड्युलर किचन बसवून मोकळे होतात त्यांच्या प्लायवूडला ऑगस्टमध्ये टेंगळं येतात.

घर उतारावर आहे म्हणून आणखी एक. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं, त्याच दिवशी चिपळूण बुडालं. तुमच्या मागच्या उताराला नवीन भेगा दिसल्या, झाडं कलली, किंवा नेहमीचा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ वाहू लागला, तर सामान न भरता निघायचं, रात्र असली तरी. शेजारच्या वाडीत कुणाकडे जायचं ते मे महिन्यातच ठरवून ठेवा. शेतात, व्हाळात उतराल तेव्हा गमबूट. पायाला जखम असताना चिखलात गेलात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल झाले तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) शंकेने सरळ आरोग्य केंद्रात जा. गोळ्या खाऊन घरी पडून राहू नका.

गणपतीला घर भरणार, ज्यांची संमती घेतलीत ते सगळे येणार. तेवढ्यासाठी माजघरातली गणपतीची भिंत, माटवीची (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीची) जागा आणि ओटी चुन्याच्या सफेदीने काढून घ्या, एवढा रंग पावसातही धकतो. आत्याबाईंना न्हाणीची जागा आवडणार नाही. ऐकून घ्या.

खरा गिलावा, कोबा किंवा लाल ऑक्साईडची जमीन, खिडक्यांचं रंगकाम, ओटा हे सगळं दिवाळीनंतर, भिंती कोरड्या झाल्यावर. नोव्हेंबर-डिसेंबरची मंद हवा चुन्याला मानवते, तो सावकाश सुकतो आणि तडकत नाही. म्हणजे हिशेब दसऱ्यापासून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत जातो, चौदा-पंधरा महिने. तुमची रजा बाराच महिन्यांची आहे. ती सलग काढू नका. ऑक्टोबर ते मे, आठ महिने, दोघांनी एकत्र काढा. जून ते सप्टेंबर एकाने पुण्यात कामावर रुजू व्हावं आणि दुसऱ्याने गावात राहून खडूच्या खुणा कराव्यात. गणपतीची सुट्टी दोघांना मिळतेच. पुण्यात रुजू झालेल्याचे उरलेले चार महिने नोव्हेंबरपासून वापरा. कंपनी रजेचे तुकडे करून देत नसेल तर चुना-गिलावा गवंड्यावर सोडून शनिवार-रविवारी या. तो टप्पा लांबून सांभाळता येतो, छपराचा नाही.